भय्याजींच्या गाडीची किंचाळी

अड्याळचे भय्याजी सेलोकर जन्मभर ट्रकवर होते. घर शेतकऱ्याचं, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पण शेतीत थोरला भाऊ मुरलेला आणि भय्याजींचा जीव लहानपणापासून चाकात. मिसरूड फुटायच्या आधीच ते भंडाऱ्याकडच्या एका राइस मिलच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. पुढे ड्रायव्हर झाले आणि साठी गाठेपर्यंत तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, घेऊन रायपूर, हैदराबाद, कलकत्ता करत राहिले. त्या वेळच्या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून असायचं. त्यावर ठेवलेला डबा आपोआप गरम राही. आवाज इतका, की क्लीनरशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून दोघंही फारसं बोलत नसत.

घरी येणं अधूनमधून. मेघा, त्यांची एकुलती एक मुलगी, कधी चालायला लागली, कधी शाळेत गेली, हे त्यांना घरी आल्यावर कळे. घर ओढलं ते रुखमिणीबाईंनी. नवऱ्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. हा माणूस एकदा ट्रकवरून खाली उतरला, की मग निवांत बसून बोलू, एवढंच त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

भय्याजी उतरले. तोवर मेघाचं लग्न होऊन ती शहापूरला नांदत होती. मिलवाल्यांनी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आणि भय्याजींनी एक जुनी, लहान, पांढरी गाडी घेतली. मोहल्ल्यातल्या लोकांना वाटलं, आता हे भाडं मारणार. पण त्यांना भाडं नको होतं. जन्मभर कट्टे वाहिले, आता आपली माणसं बसवून हिंडायचं, असं ते म्हणत. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाची पाहुणी पवनीहून आणायची असली, की भय्याजी हजर. शेजारच्या पार्वताबाईंचे गुडघे दुखत. त्या म्हणत, भय्याजींच्या गाडीत बसलं की गाडी कधी थांबली तेच समजत नाही. यावर भय्याजी खूश होत. ब्रेक हळूच लावायचा, गाडी टेकवायची, पायाखाली अंडं आहे असं समजून पायडल दाबायचं, ही त्यांची शिस्त. कट्ट्यांनी भरलेला ट्रक घाटातून उतरवणाऱ्या माणसाला ती शिस्त पायातच मुरलेली असते.

बोलणं मात्र झालं नाही. रुखमिणीबाई बोलत, भय्याजी कधी 'हाव', म्हणजे हो, म्हणत, कधी काहीच म्हणत नसत. त्या चुलीपुढून काही विचारत आणि ते अंगणात पाठमोरे बसून गाडी पुसत राहत. पहिले काही महिने रुखमिणीबाईंनी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. मग त्यांनी समजूत करून घेतली, की याला एकट्यानं राहायची सवय झाली आहे, आपलं बोलणं याला नको असतं. आणि त्यांनी बोलणं कमी केलं. भय्याजींना वाटलं, म्हातारपणी बायको शांत झाली.

असं चाललं असताना पावसाळा सरता सरता गाडीचा ब्रेक वाजायला लागला.

आवाज साधा नव्हता. गाडी हळू करायला भय्याजी पायडलवर पाय ठेवत आणि चाकातून एक लांब, पातळ, दातांना झिणझिण्या आणणारी किंचाळी निघे. जोरात ब्रेक दाबला तर नाही, पण हलकेच दाबला की हटकून. आणि भय्याजी तर हलकेच दाबणारे. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपाशी एक स्पीड ब्रेकर होता. तिथं गाडी आली, की बाकावरचे लोक कानात बोटं घालत. पोरं घरातून ओरडत, भय्याजी आले. पार्वताबाई रुखमिणीबाईंना म्हणाल्या, की बाई, तुझी गाडी रडते.

रुखमिणीबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. समोर उभं राहून, मोठ्यानं सांगितलं. भय्याजी म्हणाले, की हो, थोडा येतो, दाखवतो भंडाऱ्याला.

खरी गोष्ट अशी, की त्यांना काहीही आवाज येत नव्हता. पण ड्रायव्हर माणूस. गाडीचा आवाज दुसऱ्यानं आधी ओळखावा आणि आपल्याला पत्ता नसावा, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. पुढं त्यांनी हे स्वतःच हसत सांगितलं. तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं.

रुखमिणीबाईंना शहापूरला मेघाकडे सोडून ते भंडाऱ्याच्या एका गॅरेजात गेले. मेकॅनिकनं पुढची चाकं काढली, हवा मारून धूळ उडवली, ब्रेक पॅडवरून पॉलिश पेपर फिरवला आणि चाकं बसवली. एक चक्कर मारून बघा म्हणाला. भय्याजींनी चक्कर मारली. दोन्ही काचा खाली करून, कान देऊन ऐकलं. काही आवाज नव्हता. परत येऊन म्हणाले, गेला आवाज, झकास काम केलं. मेकॅनिकला तरी आणखी काय हवं होतं? गाडीचा मालकच गेला म्हणतो तर गेला.

संध्याकाळी रुखमिणीबाईंना घेऊन ते अड्याळकडे निघाले. पहेला गावाच्या आधी रस्त्यावर बैलबंडी आडवी आली, भय्याजींनी ब्रेक लावला आणि रुखमिणीबाईंनी डोळे मिटून घेतले. काय दुरुस्त केलं म्हणून त्यांनी विचारलं. सगळं केलं, असं उत्तर आलं. आवाज तर तोच आहे, त्या म्हणाल्या. भय्याजींना वाटलं, हिला गाडीच आवडत नाही. 

त्यानंतर त्यांचा स्वभावच बदलला. टपरीवर कुणी कानाला हात लावला, की ते मान फिरवत. लोकांनी ठरवून आपली गंमत चालवली आहे, असा त्यांचा ग्रह झाला. एरवी कुणालाही घेऊन जाणारा माणूस, पण पार्वताबाईंना दवाखान्यात न्यायच्या दिवशी म्हणाले, गाडी रडते तर बसने जा. पार्वताबाई बसने गेल्या. बसच्या पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा पुन्हा भरून आला.

मग आंधळगावचा प्रसंग घडला. तिथं रुखमिणीबाईंची मोठी बहीण केशरबाई राहते. तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आणि तिची म्हातारी सासू एवढ्याच होत्या. ती सासूही गेली आणि तेरवीला भय्याजी-रुखमिणीबाई गाडीनं गेले. अंगणात मांडव होता. पंगत बसायच्या आधी माणसं हात जोडून उभी होती, भटजी काही म्हणत होते, बाकी सगळं चिडीचूप. भय्याजींनी मांडवाच्या तोंडाशी नेहमीच्या हळुवारपणे गाडी टेकवली. किंचाळी अंगणभर फिरली. भटजी थांबले. सगळ्या माना वळल्या. एका लेकरानं भोकाड पसरलं.

भय्याजी गाडीतून उतरले आणि आपल्याकडे बघणाऱ्या माणसांना हात जोडून नमस्कार घालू लागले. त्यांना वाटलं, आपण आल्याची दखल घेतली. रुखमिणीबाई पदर तोंडावर ओढून मागच्या बाजूनं घरात शिरल्या.

परतताना मोहाडी मागे पडली. मग रुखमिणीबाईंनी तोंड उघडलं आणि बरंच काही बोलून गेल्या. सगळ्या नातलगांत शोभा झाली. आवाजाचं सांगून सांगून थकले. पण माझं कुठलं बोलणं तुम्ही मनावर घेता? जे ऐकायचं नसतं त्याला तुम्ही उत्तरच देत नाही, आजवर एकदाही दिलं नाही. भय्याजींनी एवढंच म्हटलं, की गाडीला आवाज नाही. तुम्ही सगळे मिळून मला येडा ठरवून राहिले.

घरी आल्यावर दोघं न जेवता झोपले.

सकाळी भय्याजी एकटेच गाडी घेऊन तलावाच्या पारीवर गेले. पार म्हणजे तलावाचा उंच बांध, त्यावरून कच्चा रस्ता जातो. धान पिवळं पडायला लागलं होतं, कापणी अजून सुरू नव्हती, माणसांची ये-जा नव्हती. आज स्वतःच्या कानानं सोक्षमोक्ष लावायचा होता. काचा खाली केल्या, गाडी जरा पळवली, ब्रेक लावला. काही नाही. पुन्हा पळवली, पुन्हा लावला. इंजिनाची घरघर, चाकाखालच्या मुरमाची खरखर, बस्स. बघा म्हणावं आता.

पारीच्या कडेला एक पिवळं कुत्रं ऊन खात पडलं होतं. भय्याजी गाडी वळवून परत आले, त्याच्याजवळ ब्रेक लावला, तसं कुत्र्यानं कान पाडले आणि ताडकन उठून बसलं. गाडीला घाबरलं असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. पण पुढच्या चकरेला ते मुद्दाम ब्रेक न लावता त्याच्याजवळून गेले. कुत्रं पडूनच राहिलं. पुढच्या चकरेला ब्रेक लावला. कुत्र्यानं मान झटकली, उठलं, आणि पार उतरून बांध्यांच्या धुऱ्यानं, मेरेमेरेनं, चालतं झालं.

भय्याजींनी गाडी बंद केली. माणसं गंमत करतील. बायको रागानं काही म्हणेल. कुत्र्याला काय पडलं होतं?

ते घरी आले. रुखमिणीबाई तांदूळ निवडत होत्या. भय्याजी दारातूनच म्हणाले, "चाल माह्यासंगं. पारीवर. एक काम आहे."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रुखमिणीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पारीवर नेऊन भय्याजींनी त्यांना कडेला उभं केलं आणि सांगितलं, की मी जाऊन-येऊन करतो, तुला आवाज आला की हात वर कर, नाही आला तर करू नको. ते कधी ब्रेक लावत, कधी नुसतंच जात. जेव्हा जेव्हा ब्रेक लावला तेव्हा तेव्हा रुखमिणीबाईंचा हात वर गेला. नुसतंच गेले तेव्हा गेला नाही. शेवटी त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"तुले दरवेळी आयकू आला?"

"हाव. झोपलेला मानूसबी उठल असा येते."

"मले एकदाबी नाई आला."

 रुखमिणीबाईंनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं, जणू आंधळगावच्या त्या मांडवापासून आतापर्यंतचं सगळं त्या पुन्हा बघत होत्या. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. फोन आतल्या खोलीत वाजतो तो कळतो का? नाही. मेघाची लहान पोरगी फोनवर बोलते ते समजतं का? बोलते हे कळतं, काय बोलते ते कळत नाही. पोरगी बोबडी आहे. ती आता बोबडी नाही राहिली, रुखमिणीबाई म्हणाल्या. आणि संध्याकाळी रातकिडे?

"रातकिडे आता राह्यले कुठं?" भय्याजी म्हणाले. "धानावर औषध मारू मारू सारे मारून टाकले लोकायनं."

"अजी, रोज ओरडतेत. आपल्या आंगनात ओरडतेत."

भय्याजी पारीच्या दगडावर बसले. रुखमिणीबाई उभ्याच राहिल्या. तलावात कुणीतरी जाळं टाकत होतं. मग रुखमिणीबाईंनी विचारलं, की तुम्ही ट्रकवरून उतरला त्या वर्षी मी तुम्हाला केशरबाईचं विचारलं होतं, ते? भय्याजींनी मान हलवली. कोणतं? तिला आणि तिच्या सासूला आपल्या घरी घेऊन येऊ का, असं विचारलं होतं, स्वयंपाक करता करता, दोन-तीनदा. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मला वाटलं तुमच्या मनात नाही.

"मले तू हे कधी सांगतलंच नाई," भय्याजी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना आपलं बोलणं चुकतंय हे कळलं. "मंजे, मले आयकूच नाई आलं, रुखमिनी."

रुखमिणीबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला उगाच तुमचा राग आला एवढी वर्षं. आणि मग, हातानं गाडी दाखवत, की आता हे आधी बघा, कानाचं मागून बघू.

आवाज आहे हे ठरलं. तो कुठल्या चाकात, हा पुढचा प्रश्न. इथं दोघांनी कामाची वाटणी करून घेतली. भय्याजी माणूस चालेल एवढ्या वेगानं गाडी नेत आणि हलकेच ब्रेक लावत. रुखमिणीबाई गाडीच्या बाजूनं चालत, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मागच्या चाकांत काही नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाशी येताच त्यांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. भय्याजींनी पायाकडे लक्ष दिलं. कान साथ देत नव्हते, पण तळव्याला पायडलमध्ये एक बारीक थरथर लागत होती, आणि गाडी थांबता थांबता किंचित डावीकडे ओढत होती. हे त्यांना आधीही जाणवलं होतं, पण रस्त्याचा उतार समजून त्यांनी सोडून दिलं होतं.

घरी येऊन त्यांनी शहापूरच्या चंद्रकुमारला फोन लावायला सांगितलं. चंद्रकुमार हा हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात जन्म घालवलेला मेकॅनिक, भय्याजींचा जुना दोस्त. रुखमिणीबाईंनी स्पीकर लावला. पण इकडून काही बोललं, की पलीकडे एक बाई तेच चंद्रकुमारला मोठ्यानं सांगे, मग तो उत्तर देई. ती त्याची सून दामिनी होती. इकडे रुखमिणीबाई भय्याजींना सांगत, तिकडे दामिनी सासऱ्याला. थोड्या वेळानं हा प्रकार भय्याजींच्या ध्यानात आला.

"चंदू, तुयेबी गेले का कान?"

"गॅरेजात कोनाचे राह्यले?" चंद्रकुमार म्हणाला. "कानाची मशीन आहे माह्याजवळ. आंघोळीले काहाडली होती, थे लावाचीच राह्यली. तू बी तपासून घे ना बे. त्यात काय लाजाचं आहे?"

रुखमिणीबाई सांगतात, की त्या फोननंतर भय्याजींची खांद्यातली अकड गेली.

चंद्रकुमारनं जे सांगितलं त्याप्रमाणे दोघांनी अंगणातल्या सपाट जागेवर गाडी घेतली. मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नको, असं चंद्रकुमारनं बजावलं होतं. भय्याजींना ते सांगायची गरज नव्हती; जॅक सटकून एका क्लीनरचा हात गेलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी सागाचा जाड ठोकळा गाडीखाली सरकवला आणि मगच चाक काढलं. आतली काळी भुकटी रुखमिणीबाई फुंकणार, तेवढ्यात त्यांनी अडवलं. ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि फडकं फेकून दिलं.

चकचकीत डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरणारं कॅलिपर समोर आलं. खालचा बोल्ट काढून भय्याजींनी कॅलिपर वर उचललं आणि ब्रेकच्या नळीवर भार येऊ नये म्हणून तारेनं बांधून ठेवलं. पॅड बाहेर काढले. बाहेरच्या बाजूचा पॅड चांगला जाड होता. आतल्या बाजूचा मात्र एवढा झिजला होता, की लोखंडी पत्रा आता डिस्कला लागायच्या बेतात होता. वरून तो काचेसारखा गुळगुळीत झालेला. रुखमिणीबाईंनी दोन्ही पॅड शेजारी ठेवून फोनवर फोटो काढला आणि पाठवला.

चंद्रकुमारनं लगेच विचारलं, पिन हलते का? कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतं, त्यातली वरची सहज निघाली. खालची हलेना. भय्याजींनी फिरवून, ठोकून, शेवटी पान्यानं वेढे देत ती ओढून काढली. गंजून लाल झालेली. तिच्यावरची रबरी टोपी एका बाजूनं फाटली होती. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असताना भय्याजींनी गाडी काढली होती, तेव्हाचं चिखलपाणी त्या फटीतून आत गेलं असणार. पिन अडकली म्हणून कॅलिपर सरकेना, म्हणून दाब एकाच पॅडवर पडत राहिला, आणि तो घासून घासून किंचाळत होता. भंडाऱ्याच्या मेकॅनिकनं पॅड घासले, पण पिन ओढून पाहिली नाही. भय्याजी त्याला दोष देत नाहीत. मीच त्याला आवाज गेला म्हटलं, मग तो कशाला आणखी खोलात जाईल, असं ते म्हणतात.

चंद्रकुमारनं एक गोष्ट दोनदा सांगितली. हा आवाज आणखी महिनाभर राहिला असता, तर पॅडचं लोखंड डिस्कला लागून डिस्क गेली असती, आणि भर उतारावर ब्रेक एका बाजूला ओढला असता, तर गाडी रस्त्याखाली. हे रुखमिणीबाईंनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा भय्याजी पार्वताबाईंच्या घराकडे बघत होते. आपण तिला बसने पाठवलं ते त्यांना आठवलं, आणि बसने पाठवलं तेच बरं झालं की काय, हेही मनात आलं. संध्याकाळी ते तिच्याकडे जाऊन बसले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भय्याजी बसने भंडाऱ्याला जाऊन पॅड, पिनचं किट आणि ब्रेकचं वेगळं ग्रीस घेऊन आले. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि तापलं की पातळ होऊन वाहतं, म्हणून ते चालत नाही. उजव्या चाकाचेही पॅड बदलायचे, एकाच बाजूचे बदलायचे नाहीत, हेही ठरलं होतं. पिनेचं घर साफ करून, नवी पिन ग्रीस लावून बसवली. ती बोटानं ढकलली तरी सरकू लागली. पॅडचे कान जिथं बसतात तिथला गंज घासून तिथं ग्रीसचा नुसता हात फिरवला, डिस्कला मात्र ग्रीसचं बोटही लागू दिलं नाही. कॅलिपरमधला पिस्टन शिकंज्यानं हळूहळू मागे दाबताना वर ब्रेक ऑइलच्या डब्यात तेल चढतं, तिकडे रुखमिणीबाई लक्ष ठेवून होत्या. चाकं बसली, नट आळीपाळीनं समोरासमोरचे आवळले गेले. गाडी हलवायच्या आधी भय्याजींनी पायडल पुन्हा पुन्हा दाबलं. पहिल्यांदा ते पार खाली गेलं, मग हळूहळू कडक झालं.

पुन्हा पारीवर. रुखमिणीबाई त्याच जागी उभ्या राहिल्या. भय्याजींनी ब्रेक लावला आणि त्यांच्याकडे पाहिलं. हात खालीच होता. पुन्हा लावला. खालीच. त्यांनी गाडी थांबवून विचारलं, "गेला का?"

"गेला."

"माह्या मनासाठी नको सांगू."

"तुमच्या मनासाठी मी कायले खोटं बोलू? गेला म्हनजे गेला."

भय्याजी आणखी एक चक्कर मारून आले. त्यांना पहिल्यापासून शांतताच होती आणि आताही शांतताच होती. फरक फक्त बायकोच्या हाताचा होता. त्यावर विश्वास ठेवणं भाग होतं, आणि त्यांनी तो ठेवला. मग मोकळ्या रस्त्यावर नेऊन नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून गाडी मध्यम वेगावरून हळूहळू खाली आणायची, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा तसंच, असं त्यांनी केलं. या वेळी रुखमिणीबाई नेहमीसारख्या मागच्या सीटवर न बसता त्यांच्या शेजारी बसल्या होत्या.

कानाची तपासणी भंडाऱ्याच्या दवाखान्यात झाली. डॉक्टरांनी सांगितलं, की वर्षानुवर्षांच्या इंजिनाच्या आवाजानं वरच्या पट्टीचे आवाज गेले आहेत. जाड आवाज येतात, पातळ येत नाहीत. म्हणून पुरुषाचं बोलणं समजतं आणि बाईचं, लेकराचं निसटतं. गेलेलं परत येत नाही, पण मशीननं काम भागतं. गाडी चालवू का, हे भय्याजींनी सगळ्यात आधी विचारलं. चालवा, पण मशीन लावून, आणि आरशात जास्त बघा, असं उत्तर मिळालं.

मशीनशी त्यांचं सुरुवातीला जमलं नाही. ताटल्या आदळल्या की ते दचकत, कागद चुरगळला तरी त्रास होई. दोनदा त्यांनी ते डब्यात टाकून ठेवलं. रुखमिणीबाईंनी जबरदस्ती केली नाही. त्या समोर येऊन बोलायला शिकल्या, आणि पाठीमागून बोललेलं बोललं म्हणून धरायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. हळूहळू मशीन कानात राहू लागलं. मेघाच्या पोरीचा फोन आता भय्याजी स्वतः घेतात. ती त्यांना शाळेतलं सांगते, आणि ते मधूनच तिला थांबवून पुन्हा सांगायला लावतात.

धान कापून घरात आल्यावर दोघं आंधळगावला गेले. केशरबाईला न्यायचं म्हणून गेले होते, पण ती सहजासहजी तयार झाली नाही. तिची शेळी होती, वांग्याची वाडी होती, आणि इतकी वर्षं कुणी विचारलं नाही ते आता कुठून आठवलं, असंही ती बोलली.  भय्याजींनीच सगळं सांगितलं. कुत्र्याचंही सांगितलं. केशरबाईनं ते ऐकून घेतलं आणि विचार करते म्हणाली. नंतर तिनं शेळी दिराच्या घरी बांधली आणि हिवाळ्यापुरती आली.

ती होळीपर्यंत राहिली. रोज दुपारी दोघी बहिणी ओसरीत बसून वाल सोलत बोलत, आणि भय्याजी तिथंच खाटेवर असत. कधी मशीन लावून ऐकत, कधी काढून झोपत. तिला आपली शेळी आणि वाडी बघायची होती, म्हणून होळीनंतर भय्याजी तिला गाडीनं सोडून आले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचं तिनं कबूल केलं आहे. शेळीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.